मंगळवारची लोकल, भाज्याचे खांब आणि भाताचं खाचर

आमच्या फ्रीजवर पुणे-लोणावळा लोकलचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे. शाळेचं नाही, कारण आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत. थोरली सात वर्षांची, धाकटा साडेचार. आम्ही राहतो तळेगाव दाभाड्याला, स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आणि मुलांचं निम्मं शिक्षण या रुळांच्या दोन्ही अंगांना होतं.

होमस्कूलिंगचा विचार करणारे आईबाबा भेटले की हमखास विचारतात, "मुलांना कुठे कुठे नेता?" त्यांना ठिकाणांची मोठी यादी हवी असते. माझ्याकडे तशी यादी नाही. आम्ही त्याच त्या तीन-चार जागी पुन्हा पुन्हा जातो. एकदा बघून आलेली जागा परत बघायला जाणं, आणि तिथे मुलांचं मन भरेपर्यंत थांबणं, हे आम्हाला घरी शिकवत असल्यामुळे जमतं. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना रविवार मिळतो, रविवारी गर्दी असते, आणि गर्दीत मुलाला एका खांबापाशी अर्धा तास बसू देता येत नाही. आमच्याकडे मंगळवार असतो. मला या मंगळवारांचं फार मोल वाटतं.

आधी कायद्याचं सांगून टाकते, कारण घरी शिकवणं कायद्यात बसतं का, हा त्यांचा दुसरा प्रश्न असतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क तो देतो. घरी शिकवण्याबद्दल त्यात उघड काहीच म्हटलेलं नाही. पुढे परीक्षा द्यायची झाली तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पायऱ्या आहेत आणि दहावीच्या प्रवेशाला १४ वर्षं पूर्ण असावी लागतात. आम्ही हे सगळं वाचून, घरातल्या मोठ्यांशी बोलून ठरवलं. उद्या थोरलीला शाळेत जावंसं वाटलं तर ती जाईल. आमचं शाळेशी भांडण नाही.

शिवाय आम्हाला हे परवडतं हेही खरं आहे. नवऱ्याची चाकणला शिफ्टची नोकरी, त्यामुळे त्याची सुट्टी आठवड्यात मधेच येते. मी घरून थोडं भाषांतराचं काम करते, ते रात्री करता येतं. आणि आबा, म्हणजे माझे सासरे, आमच्यासोबत राहतात. त्यांनी उभं आयुष्य गवंडीकाम केलं. या लिखाणात ते बरेच येणार आहेत, कारण आमच्या भटकंतीतले खरे शिक्षक तेच आहेत.

आता लोकलचं. तळेगावहून लोणावळ्याकडे जाताना वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली आणि मग लोणावळा. ही नावं थोरलीने मुळाक्षरांच्या आधी पाठ केली आणि मग पिवळ्या पाट्यांवर ओळखायला लागली. तिचा पहिला वाचलेला शब्द "कान्हे" आहे. जोडाक्षर आधी, साधी अक्षरं नंतर. कुठल्याही बालवाडीच्या पुस्तकात असा क्रम सापडणार नाही, पण तिला त्या स्टेशनवर उतरायचं असायचं, म्हणून ती पाटी तिच्या कामाची होती. पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तीही आम्ही दर स्टेशनवर वाचतो. लोणावळ्याचा आकडा सहाशेच्या वर आहे आणि घाट उतरून कर्जतला गेलं की शंभराच्याही आत. एवढा फरक इतक्या थोड्या अंतरात कसा, यावरून घरात बोर घाटाचा विषय निघाला. हा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, आणि आजही कर्जतहून वर चढताना बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. धाकट्याला यापलीकडे जगात काही महत्त्वाचं नाही. घरी पलंगाच्या गाद्या तिरक्या लावून तो आगगाडीला मागून ढकलत असतो आणि "ए, कर्जत आलं" म्हणून ओरडतो.

वेळापत्रकातून गणित आपोआप येतं. दुपारी लोकलमध्ये बराच वेळ खंड असतो, तेव्हा परतीची गाडी चुकली तर मळवलीच्या फलाटावर बसून राहावं लागतं. म्हणून थोरली निघायच्या आधीच हिशोब मांडते: एवढ्याची गाडी, चालायला इतकी मिनिटं, म्हणजे लेण्यातून कधी निघायचं. साठ मिनिटांचा तास वजाबाकीत किती त्रास देतो ते मोठ्यांनाही ठाऊक आहे. तिला तो त्रास वाटत नाही, कारण गाडी खरी असते.

डब्यातल्या बायका विचारतात, "शाळा न्हाई का गं आज?" थोरली सांगते, "आम्ही घरी शिकतो, आज लेणं बघायला चाललोय." मग कुणी चकित होतं, कुणी मला उपदेश करतं, आणि एखादी मावशी पिशवीतून बोरं काढून देते. या गप्पांनाही मी शिक्षण मानते. अनोळखी माणसाला नीट उत्तर देणं, आजीबाईला जागा देणं, विक्रेत्याकडून सुट्टे मोजून घेणं, हे चार भिंतींत शिकवायला अवघड आहे.

मळवलीला उतरून भाजे लेण्यांकडे चालत जायचं. वाटेत एक्सप्रेसवेवरचा पूल लागतो. तिथे थांबायचंच, हा धाकट्याचा नियम. वहीत ट्रक आणि मोटारी वेगवेगळ्या मोजायच्या: चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पुढे गाव, समोर विसापूर आणि लोहगड, आणि मग पायऱ्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मोठ्यांचं तिकीटही फार नाही. भाज्याची ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदायला सुरुवात झाली. एकूण २२ लेणी आहेत, आणि मधोमध मोठं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं दालन आहे, ज्याचं घोड्याच्या नालेसारखं भव्य तोंड लांबूनच दिसतं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलांनी लेण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. पायऱ्यांवर सुरवंट होते, त्यांचाच तास झाला. पुढच्या खेपेला पाण्याची टाकी सापडली, कातळात खोदलेली. पावसाचं पाणी कुठून येतं, टाकीत कसं उतरतं, हे शोधण्यात दोघं रमली. आबांनी कातळातल्या बारीक पन्हळी दाखवल्या. "पाणी कुठं न्यायचं हे ज्याला कळलं त्याला घर बांधता येतं," असं ते नेहमी सांगतात, तेच इथेही सांगितलं. चैत्यगृहाची पाळी त्यानंतर आली.

आत शिरल्यावर थोरली खांब मोजायला लागली. अष्टकोनी खांब, एकंदर २७. मोजता मोजता ती थांबली आणि म्हणाली, "आबा, खांब वाकडे झालेत."

"झालेत का केलेत, ते बघू आधी," आबा म्हणाले.

त्यांच्या पिशवीत ओळंबा असतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी असतो. पितळी, टोकाला निमुळता, वर सुती दोरी. त्यांनी राखणदाराला विचारलं, खांबाला हात लावणार नाही असं सांगितलं आणि खांबापासून वीतभर लांब दोरी धरून ओळंबा सोडला. तो आधी गोल फिरला, मग मागेपुढे झुलला, मग अगदी स्थिर झाला. मुलं श्वास रोखून बघत होती. दोरी सरळ आणि तिच्यामागे खांब वरच्या टोकाला आत झुकलेला, हे आता कुणालाही दिसत होतं. आबांनी दुसऱ्या खांबापाशी दोरी धरली, मग समोरच्या रांगेत. सगळे आत झुकलेले, आणि सगळे सारखेच. "हे चुकून होत नसतं," आबा म्हणाले. "एक वाकडा असता तर मी म्हटलं असतं, हात चुकला. सगळे एकसारखे वाकडे म्हणजे मिस्त्रीला तसेच पाहिजे होते."

कशाला पाहिजे होते? मला उत्तर माहीत होतं. मी ते सांगितलं नाही. आबांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याही लक्षात आलं, आणि त्यांनीही सांगितलं नाही. थोरलीने वहीत एक सरळ रेघ आणि तिच्याशेजारी एक तिरकी रेघ काढली आणि खाली लिहिलं: "का?"

ही वही तिची प्रश्नवही आहे. तीत उत्तरं लिहायची सक्ती नाही. घरी येऊन इंटरनेटवर बघू, असंही आम्ही करत नाही, निदान लगेच तरी नाही. मला हे ठामपणे वाटतं की सात वर्षांच्या मुलीला पडलेला चांगला प्रश्न तिच्याकडे काही महिने राहू द्यावा. तेवढा वेळ आमच्याकडे आहे. त्या महिन्यांत ती प्रत्येक इमारतीच्या खांबांकडे बघत होती. देवळात, स्टेशनच्या शेडमध्ये, मेट्रोच्या पुलाखाली. सगळे सरळ.

उत्तर मिळालं कान्ह्याला, भाताच्या शेतात.

कान्ह्याजवळ एका मावशींचं शेत आहे. त्यांच्याकडून आम्ही वर्षाचा तांदूळ घेतो. मावळातला तांदूळ म्हणजे इंद्रायणी. हे वाण इथलंच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झालं आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हातात आलं. आम्ही तांदूळ आणायला जायचो, तेव्हा मावशीच एकदा म्हणाल्या, "पोरांना घिऊन या की लावणीला. चिखलात खेळतील." तेव्हापासून त्या खाचराचं अख्खं वर्ष मुलं बघतात.

उन्हाळ्यात राब भाजतात. पालापाचोळा, गोवऱ्या, वाळका चारा पसरून रोपवाटिकेची जागा जाळायची. धूर डोळ्यांत जातो, म्हणून मुलं लांब बांधावर. मग मृगाचा पाऊस पडला की लाल मखमली किडे निघतात, पेरणी होते, आणि तीनेक आठवड्यांत रोपं लावणीला येतात. जुलैत चिखलणी. आता पॉवर टिलर फिरतो, आणि त्याच्या मागे बगळ्यांची रांग, कारण उलटलेल्या चिखलात त्यांचं जेवण असतं. मुलांना रोपांच्या मुठी वाटायचं काम मिळतं. एका जागी दोन-तीन काड्या रोवायच्या, फार खोल नाही, फार वर नाही. मावशी धाकट्याचा हात हातात घेऊन दाखवतात: अंगठा आणि दोन बोटं, मुळं खाली, दाबायचं आणि सोडायचं. त्याने लावलेली ओळ नागमोडी होते. मावशी ती मोडत नाहीत. "राहू द्या, भात थोडाच बघतो सरळ का वाकडं," म्हणतात. कापणीला आल्यावर तो आधी आपली नागमोडी ओळ शोधतो.

थोरलीने लावणीच्या दिवशी विचारलं, "आपल्या कुंडीतलं पाणी खाली निघून जातं, मग इथलं का साचून राहतं?" घरी येऊन दोन कुंड्या घेतल्या. एकीत माती तशीच, दुसरीत पाणी घालून हाताने चांगली मळून, गाळ करून. दोन्हींत तांब्याभर पाणी ओतलं. पहिलीतलं झिरपून ताटलीत आलं, दुसरीतलं बराच वेळ वर राहिलं. चिखलणी करतात ती उगाच नाही, खालचा थर असा घट्ट बसतो की पाणी निसटत नाही. भात पाण्यात उभा राहतो आणि तणाचा जोर कमी होतो. हे मी तिला समजावलं असतं तर तिने मान डोलावली असती. कुंडी मळताना कोपरापर्यंत भरलेले हात तिला आठवतात.

दिवाळीच्या आसपास कापणी. एका लोंबीतले दाणे मोजले, ते शंभराच्या वर भरले. मग एका रोपाला किती फुटवे आले ते मोजलं. मग एका दाण्यापासून किती दाणे झाले असतील? गुणाकार आम्ही अजून शिकवला नव्हता. तिने दाण्यांच्या ढिगाऱ्या केल्या, प्रत्येक फुटव्याला एक, आणि बेरीज करत बसली. मधेच तिच्या लक्षात आलं की आकडा तोच पुन्हा पुन्हा मिळवतोय. मावशींची सून बारावी शिकलेली, ती शेजारी बसून म्हणाली, "अगं, यालाच गुणाकार म्हणतात." मी खळ्याच्या पलीकडे होते. तिथूनच ऐकलं, आणि मला फार बरं वाटलं की हे तिला माझ्याकडून कळलं नाही.

तर त्या कापणीच्या दिवसांत राखणीसाठी शेतात खोप घातलेली होती. थोरली तिच्यात शिरली आणि एकदम बाहेर आली. "आबा, हिचे खांब पण आत झुकलेत!" आबा उठले. खोपीच्या मेढी खरंच आत कललेल्या होत्या. आबांनी मावशींच्या मालकांना विचारलं, अशा का रोवल्या? ते म्हणाले, "सरळ रोवल्या तर वरच्या भारानं बाहेर फाकतात ना." बस. आबांनी थोरलीला दोन काठ्या धरायला लावल्या, वर वाकवलेली कामटी ठेवली आणि हाताने दाबली. सरळ काठ्या बाहेर सरकल्या. आत कललेल्या टिकल्या.

मग मी राहिलेलं सांगितलं. लेणी खोदणाऱ्यांनी आधी लाकडाच्या इमारती बांधल्या होत्या, बघितल्या होत्या. गोल छताचा भार बाहेर ढकलतो म्हणून लाकडी खांब आत कलवायचे, ही त्यांची रीत. अखंड कातळात खांब सरळ ठेवले असते तरी काही बिघडलं नसतं, तिथे खांबांवर छताचा तसा रेटाच नसतो. पण त्यांच्या डोळ्यापुढे इमारत तशीच होती, म्हणून दगडातही ती तशीच उतरली. पुढे आम्ही कार्ल्याला गेलो. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी अजून आहेत, जुन्या काळच्या, मूळच्या. थोरलीने वर बघितलं आणि काही न बोलता वही काढली. "का?" च्या पुढे तिने खोपीचं चित्र काढलं.

तिच्या वहीतलं हे पान मला कुठल्याही प्रगतिपुस्तकापेक्षा मोठं आहे. भाजे आणि कान्हे एकाच लोकलवर आहेत म्हणून हे झालं, आणि आम्ही दोन्हीकडे परत परत गेलो म्हणून झालं. एका दिवसात किल्ला, लेणी, धरण आणि वॅक्स म्युझियम अशा सहली मुलांसाठी निघतात. बसमधून उतरवायचं, माहिती सांगायची, कागद भरून घ्यायचा, परत बस. मुलं थकतात, आणि त्यांना प्रश्न पडायच्या आत उत्तर देऊन झालेलं असतं. पालकांनी त्यापेक्षा घराजवळची एक टेकडी धरावी, एक ओढा धरावा, असं मी कळकळीने सांगेन.

मुलांना उघड्यावर शिकवणं ही काही आमच्या पिढीची नवी कल्पना नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत तिथे उभ्या राहिल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शिक्षकांनीच कुरणात जायचं, अशी कुरणशाळा त्यांनी चालवली. शिकवायला शंखशिंपले, बिया, पानं, खडे, जे हाताशी असेल ते. माझ्यासारख्या सुखवस्तू घरातल्या आईने सोयीने निवडलेल्या मंगळवारापेक्षा ते काम कितीतरी कठीण होतं. आमच्या खिशातले गजगे आणि चिंचोके मात्र त्याच वाटेवरचे आहेत, आणि याचा मला अभिमान वाटतो.

लांबची सहल आम्ही वर्षातून क्वचित करतो. निघोजचे रांजणखळगे ही त्यातली एक. चाकण, शिक्रापूर, शिरूर असं जायचं आणि टाकळी हाजीच्या बाजूने कुकडी नदीच्या पात्राशी पोचायचं. पलीकडच्या काठाला निघोज, पारनेर तालुका. पात्रातल्या काळ्या कातळात वाटीएवढ्यापासून विहिरीएवढ्यापर्यंत खळगे पडलेत, आत गुळगुळीत, काठ वळणदार. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षं गोल फिरतात आणि कातळ कोरत जातात. हा कातळ म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. भाज्याची लेणी खोदली तोही हाच. एकीकडे माणसाच्या छिन्नीने, दुसरीकडे गोट्यांनी. धाकट्याने एका उथळ खळग्यात गोटा घेऊन इतका वेळ गरागरा फिरवला की त्याच्या बोटांना राखाडी गाळ लागला. तो त्याने सगळ्यांना दाखवला: "मी पण केलं!" केलंच होतं.

इथे जाणाऱ्यांना एकच विनंती. हे खळगे खोल आहेत, कड निसरडी आहे. पावसाळ्यात नदीला पाणी असताना लहान मुलांना नेऊच नका. हिवाळ्याच्या शेवटी जा, आणि एका मुलामागे एक मोठं माणूस असू द्या. आमचा नियम असा, की कातळावर पाय ठेवला की हात हातात, मोठ्या खळग्याजवळ बसूनच वाकायचं, उभं राहून नाही.

कुठे जायचं नसेल त्या दिवसांतलंही एक सांगते. मे महिन्यात गच्चीवर शून्य सावली बघा. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जातं, त्यामुळे आपल्या राज्यात प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य ऐन डोक्यावर येतो. सावंतवाडीकडे मेच्या पहिल्या आठवड्यात, पुणे-तळेगावकडे १४ मेच्या आसपास, नंदुरबारकडे महिन्याच्या शेवटाकडे. परतीच्या वेळी, आमच्याकडे जुलैअखेर, बहुधा ढग असतात, म्हणून मेच धरायचा. आबांनी ओळंबा लावून एक पाइप सरळ उभा केला. बारा वाजल्यापासून थोरली खडूने सावलीच्या टोकाला खूण करत होती. पुण्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास, कारण आपलं घड्याळ पूर्वेकडच्या प्रयागराजजवळून (पूर्वीचं अलाहाबाद) जाणाऱ्या रेखांशावर चालतं. सावली आखडत आखडत पाइपाच्या बुडाशी गेली आणि दिसेनाशी झाली. धाकटा स्वतःभोवती फिरून आपली सावली शोधत होता. ती त्याच्या पायांखाली होती, आणि त्याला पाय उचलायचे नव्हते.

सामानाबद्दल विचारतात, ते सांगते. जुनी चादर, भिंग, सुतळी, प्रश्नवही आणि पेन्सिल, पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या, कपड्यांचा एक जादा जोड, लहानग्यासाठी दोन. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ, कारण त्या दिवसभर टिकतात. कार्डं, वर्कशीट, मोबाइलवरचं पक्षी ओळखायचं ॲप, यातलं काही नेत नाही. पक्षी ओळखता नाही आला तर त्याचं वर्णन लिहायचं: चोच कशी, शेपटी हलते का, चालतो की उड्या मारतो. घरी पुस्तकात बघायचं. नदीकाठी शेपटी वरखाली करणारा धोबी थोरलीने असाच शोधून काढला, आणि आता तो दिसला की ती ओळखीच्या माणसासारखी त्याला हाक मारते.

पुढच्या महिन्यात २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि त्या दिवसाच्या निमित्ताने ती सगळ्यांना बघायला खुली असते. गर्दी असते, तेव्हा सकाळी लवकर निघायचं ठरवलंय. आबांना एवढी मोठी तबकडी वाऱ्यात उभी कशी राहते ते बघायचंय. थोरलीने ४५ मीटर किती हे सुतळीने गल्लीत मोजून घेतलं आहे, शेजारच्यांच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्याही पुढे. धाकट्याला एकच काळजी आहे, तिथे लोकल जात नाही.